वीटभट्टीला माती द्यायची का नाही? कराडकडच्या एका एकराचं प्रकरण

माझी छोटी माती-पाणी तपासणीची लॅब आहे. हे प्रकरण माझ्यासमोर घडलेलं, काही ठिकाणी मी स्वतः सल्ला दिलेलं आणि एका ठिकाणी चुकलेलंसुद्धा. नावं आणि गाव सांगत नाही, त्या शेतकऱ्यांना आपण आण्णा म्हणू. कृष्णाकाठचं गाव आहे, कराडपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२१ मध्ये आण्णा लॅबला आले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली माती. नमुना कसा घेतला, किती ठिकाणचा घेतला वगैरे नेहमीचं विचारायला लागलो तर म्हणाले, "खताचं नगो मला, ही माती किती खोल चांगली हाय तेवढं सांगा, भट्टीवाल्याला रेट सांगायचाय." मी इतकी वर्षं माती तपासतोय पण माती विकायसाठी तपासून द्या म्हणणारे ते पहिलेच.

घरची एकूण सव्वातीन एकर बागायत. त्यातलं रस्त्याकडेचं एक एकर रान म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं, पूररेषेच्या वर, चार फूट काळी पोयट्याची माती आणि खाली चुनखडी मिसळलेला मुरूम. उपसा सिंचनाचं पाणी, पाळी बारा दिवसांनी. ऊस आणि मधे सोयाबीन-हरभरा अशी फेरपालट. लागणीला एकरी ५५ च्या आसपास टन आणि खोडव्याला (तोडीनंतर त्याच बुडख्यांतनं परत फुटणारा ऊस) ४५ ते ४८, म्हणजे विक्रमी काही नाही पण भरवशाचं रान. आण्णांच्या वडलांनी तीस वर्षं त्यात पाचट पेटवू दिलं नव्हतं हे मला नंतर कळलं, आणि रिपोर्टमधला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातनं मातीत राहिलेला कार्बन, ०.६२ टक्के का आला तेही तेव्हाच कळलं, कारण आमच्याकडं उसाच्या रानात ०.४ च्या खालचे रिपोर्ट रोज येतात.

अडचण

सप्टेंबर २०२० मध्ये घरात दोघांना कोरोना झाला. दवाखान्याचं बिल भरायला सोनं गहाण ठेवलं, पाहुण्यांकडनं हातउसने घेतले, सगळं मिळून अडीच लाख. पाहुण्यांचे पैसे पाडव्यापर्यंत द्यायचा शब्द होता आणि २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला. सोसायटीचं पीककर्ज आधीच उचललेलं.

त्यात भट्टीवाला आला. रस्त्याकडेचं रान, गाडी लावायला सोपं, माती एक नंबर. एक एकर, अडीच फूट खोल, एकरकमी अडीच लाख. घरात जेवढी गरज तेवढाच आकडा, त्यामुळं घरातल्या सगळ्यांना ते देवानं पाठवल्यासारखंच वाटलं, आणि मला त्यांचं त्यात काहीच चुकलं असं वाटत नाही. दारात वसुलीला माणूस बसलेला असताना सेंद्रिय कर्बाचं कौतुक कुणाला सुचणार.

आण्णांचं म्हणणं साधं होतं, "माती काय, पुन्यांदा तयार हुतीया की. दोन वर्सं शेणखत टाकू, ताग गाडू, झालं."

आकडेमोड कशी केली

मी त्यांना म्हटलं आठ दिवस थांबा, आधी आपण काय विकतोय ते मोजू.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. १०० घनफुटाचा ब्रास, म्हणजे एक फूट खोलीला ४३५ ब्रास आणि अडीच फुटाला १,०८९ ब्रास. अडीच लाखाला त्यानं भागलं तर ब्रासला २३० रुपये पडतात. हे आण्णांनी कधी काढलंच नव्हतं, एकरकमी आकडा ऐकला की आपण ब्रासचा हिशोब करत नाही, समोरचा मात्र करून आलेला असतो.

मग मी पहिली चूक केली. मातीची किंमत खतात मोजली. एक एकर एक फूट माती साधारण १,६०० टन भरते. त्यात ०.६२ टक्के कर्ब म्हणजे जवळपास १० टन कर्ब, त्याच्याबरोबर बांधलेलं नत्र साधारण ८०० ते ८५० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोची चाळीसेक पोती आणि २६६.५० रुपयानं अकरा हजार रुपये. आण्णा माझ्याकडं बघायलाच लागले. एक फुटाचे अकरा हजार होत असतील तर अडीच लाख म्हणजे लॉटरीच की! माझ्या तोंडानंच मी माती स्वस्त करून दाखवली. युरियाचा भाव सरकारी अनुदानामुळं एवढा खाली आहे आणि मातीतलं नत्र हे तिच्या कामातलं सगळ्यात लहान काम आहे, हे त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या बाजूनं मोजलं. तोच दहा टन कर्ब शेणखतातनं परत आणायचा तर? एक ट्रॉली तीन टन, अर्धं पाणी, कोरड्या भागात कर्ब ३० टक्के धरला तर ट्रॉलीमागं ४५० किलो कर्ब रानात जातो. पण आपल्या उन्हात त्यातला बहुतेक जळून हवेत जातो, काही वर्षांनी पाचवा हिस्सा राहिला तरी खूप, म्हणजे ९० किलो. दहा टनाला ११० ट्रॉल्या. तेव्हा आमच्याकडं ट्रॉली ५,००० ला होती, म्हणजे साडेपाच लाख, आणि हे फक्त एका फुटाचं, तेही माती जागेवर आहे असं धरून.

आणि खरी गोष्ट पाण्याची. अशी एक फूट काळी माती पिकाला घेता येईल असं ५० मिलिमीटरच्या आसपास पाणी धरते. एका एकरात ते दोन लाख लिटर होतं. उन्हाळ्यात ऊस दिवसाला ७-८ मिलिमीटर पितो, म्हणजे एक फूट माती गेली की सहा दिवसांचं पाणी गेलं. उपशाची पाळी तर बाराच दिवसांनी येणार, ती तुमच्यासाठी सात दिवसांवर कोण आणणार?

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली, त्या पत्रिकेत १२ गोष्टी असतात, नत्र स्फुरद पालाश गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, पीएच, ईसी (क्षारांचं माप) आणि कर्ब. पण माती किती फूट आहे आणि पाणी किती धरते हे त्यात नसतं, त्यामुळं तीन फूट माती खणून नेलेल्या रानाची पत्रिका आणि न खणलेल्या रानाची पत्रिका बघून किती माती गेली ते शेतकऱ्याला कळायचंच नाही.

शेजारच्या रानातला खड्डा

आकड्यांनी आण्णा वळले नाहीत. वळले ते रानात. त्यांच्यापासून चार बांध पुढं एकानं सहा वर्षांपूर्वी अशीच माती दिली होती. आम्ही कुदळ-फावडं घेऊन दोन्ही रानांत हातभर खड्डे घेतले. आण्णांच्या रानात माती फावड्याला चुरा होऊन येत होती, मुळ्या खोल, गांडुळांची भोकं. तिकडं सात-आठ इंचावर फावडं टणकन वाजलं आणि पांढरे खडे लागले. ऊस उभा होता पण कांडी आखूड आणि शेंड्याला केवडा, हिरव्या शिरा आणि मधे पिवळं, चुनखडीत लोह मिळत नाही तेव्हा होतं ते. मालकाला विचारलं किती टन पडतो, ते म्हणाले तीसच्या वर कधी गेला नाही, आधी ५० जायचा. २० टनाचा फरक, टनाला ३,००० धरले तर वर्षाला साठ हजार. आण्णा बांधावर बसून बोटं मोजत होते, चार-सव्वाचार वर्षांत अडीच लाख पुरे होतात.

पर्याय काय काय होते

एक, भट्टीवाल्याला सगळं एकर देणं. पैसा लगेच आणि पूर्ण.

दोन, वरची एक फूट माती बाजूला काढून ठेवायची, खालची विकायची आणि वरची परत पसरायची. भट्टीला खालचीही चालते, पण जेसीबीचे तास वाढतात म्हणून रेट पडतो. शिवाय रान खाली जातं ते जातंच.

तीन, आल्याला खंडानं, म्हणजे ठरलेल्या भाड्यानं देणं. साताऱ्याकडं आल्याचे शेतकरी दरवर्षी नवीन रान शोधत असतात कारण त्याच रानात परत आलं घेतलं की कंदकूज लागते. त्यांना निचऱ्याचं, भुसभुशीत, कर्ब असलेलं रान लागतं आणि त्यासाठी ते उसाच्या खंडापेक्षा चांगले पैसे देतात, ते पण आगाऊ. माझ्या मते सुपीक मातीला आपल्या भागात उघड भाव कुणी देत असेल तर ते हेच लोक, कारण त्यांना माती न्यायची नसते, तिचं काम पाहिजे असतं. चुनखडीच्या रानाला तो भाव कुणी विचारत नाही.

चार, यातलं काही न करता सोनं तसंच ठेवून अजून उधारी करणं. व्याज चालूच.

कायद्याची बाजूही होती. विटांची माती गौण खनिजात येते, परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागतं. विनापरवाना उत्खनन झालं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणं बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. "ते आमी बघतो" असं भट्टीवाला म्हणतो पण सातबारा आपला असतो. वरची माती विटांसाठी खणली जाऊ नये म्हणून केंद्रानं सप्टेंबर १९९९ मध्ये औष्णिक केंद्रांच्या राखेच्या विटांची अधिसूचना काढली होती, म्हणजे हे नुकसान सरकारलाही वीस वर्षं आधीच माहीत होतं.

आण्णांच्या घरी बसून हे सगळं बोलत असताना काकू आतून चहा घेऊन आल्या आणि एकच विचारलं, "खड्ड्यात पावसाचं पानी साचलं तर जायाचं कुठनं?" आम्ही कुणीच त्याचं उत्तर दिलं नाही. मी तेव्हा कर्बात आणि मिलिमीटरमध्ये गुंतलेलो होतो.

काय केलं

शेवटी मधला मार्ग निघाला. एकरातले ३० गुंठे आल्याला दिले, दीड वर्षासाठी ९०,००० आगाऊ. शंभरच्या स्टँपवर लिहून घेतलं, किमान आठ ट्रॉली शेणखत त्यानं टाकायचं आणि जाताना ठिबक-मल्चिंग उचलून न्यायचं.

वरच्या अंगाचे १० गुंठे मात्र आण्णांनी भट्टीला दिलेच. मी नको म्हणत होतो पण त्यांचं कारण अगदीच चुकीचं नव्हतं. तो कोपरा बाकी रानापेक्षा फूटभर उंच होता, तिथं पाणी चढायचं नाही, ऊस कमी यायचा, दहा गुंठ्यात अकरा टनाच्या वर नाही. उंचवटा काढला तर रान सपाट होईल असा हिशोब. पण एका फुटासाठी जेसीबी आणायला भट्टीवाला तयार नव्हता, दोन फूट म्हणाला. २१८ ब्रास, २५० रुपयानं ५४,५०० रुपये. वरची फूटभर माती बाजूला काढून परत पसरायची ही अट तोंडी. स्वामित्वधनाची पावती हातात आल्याशिवाय मशीन लावू दिलं नाही, एवढं बरं केलं.

दोन्हीचे मिळून १,४४,५०० आले, पाहुण्यांचे पैसे पाडव्याआधी गेले. सोनं आणखी दीड वर्ष गहाण राहिलं.

एप्रिलमध्ये परत लॉकडाऊनची चर्चा सुरू झाली आणि भट्टीवाल्याला घाई झाली. शेवटचे तीन दिवस रात्रीच्या गाड्या लागल्या, आण्णा काकूंना घेऊन दवाखान्यात, रानात आमचं कुणीच नाही. बाजूला काढलेल्या ढिगातला निम्मा ढीग पण गाडीत गेला. भांडण करून उपयोग नव्हता कारण लिहिलेलं काही नव्हतं.

पुढं काय झालं

जून २०२१ मध्ये त्या १० गुंठ्यांत सोयाबीन पेरलं. त्या जुलैचा पाऊस आमच्याकडं कुणी विसरणार नाही. फूटभर उंच होतं ते आता फुटापेक्षा जास्त खोल झालेलं, वरच्या रानाचं पाणी तिथं उतरलं आणि नऊ दिवस हललं नाही. सोयाबीन कुजलं. काकूंचा प्रश्न तेव्हा आठवला.

२०२२ ला परत सोयाबीन, ७० किलो. नमुना तपासला तर कर्ब ०.२९, पीएच ८.४, मुक्त चुना चांगलाच वाढलेला.

आल्याच्या बाजूलाही सगळं सरळ गेलं नाही. भाव पडला म्हणून त्यानं आलं काढलंच नाही, रानात ठेवलं, मुदत संपून दीड महिना वर गेला. आण्णांची पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण हुकली, जानेवारी २०२३ मध्ये 'सुरू' नावाच्या पुढच्या हंगामाची करावी लागली. पण शेणखत त्यानं आठच्या जागी अकरा ट्रॉल्या टाकलं होतं, आणि रान परत आलं तेव्हा कर्ब ०.६८ आला. ०.०६ चा फरक नमुना घेण्यातही पडू शकतो त्यामुळं मी त्याचा गाजावाजा करत नाही, कमी झाला नाही एवढं नक्की.

मग एकाच दिवशी, एकाच बेण्याची, सगळ्या एकरात लागण झाली, उसाची जात को ८६०३२. तोडीला मी आण्णांना आवर्जून सांगितलं की दहा गुंठ्यांची खेप वेगळी भरा आणि काट्याची पावती ठेवा. २०२४ च्या सुरवातीला तोड झाली, ३० गुंठ्यांत ४२ टन आणि १० गुंठ्यांत साडेसहा. पुढच्या वर्षी खोडवा, ३० गुंठ्यांत ३६ टन आणि १० गुंठ्यांत चार. एकरी भाषेत सांगायचं तर बाकी रान ५६ आणि ४८, खणलेलं २६ आणि १६. खोडव्यात फरक वाढला याकडं मी बोट दाखवीन. लागणीला आपण खत-पाण्यानं मातीची उणीव थोडीफार झाकतो, खोडवा मात्र जुन्या मुळ्यांवर आणि मातीवरच उभा राहतो.

आण्णांचा आधीचा उतारा, म्हणजे लागणीला अकरा आणि खोडव्याला नऊ टन धरला तरी दोन तोडींत साडेनऊ टन कमी. टनाला तीन हजारांच्या थोडं वर भाव मिळाला, म्हणजे तीस हजार. दोन सोयाबीन गेली त्याचे आठ-दहा हजार. फेरस सल्फेट, जादाचा युरिया आणि शेजाऱ्याच्या विहिरीचं विकत पाणी याचे सहा हजार. ५४,५०० मधले पंचेचाळीस हजार चार वर्षांत परत गेले, आणि माती काही आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी पातळी. दहा गुंठे द्यायचेच होते तर उंचवट्यापुरता एक फूट, आणि तेवढ्यासाठी जेसीबी येत नसेल तर नाही म्हणायचं. सपाटीकरणाचा फायदा आणि खड्ड्याचा तोटा यांच्यात फक्त एक फुटाचं अंतर होतं. लेव्हल बघायला गावातला पाइपमध्ये पाणी भरून बघणारा गवंडीसुद्धा पुरला असता, पण ते माझ्या डोक्यात आलं नाही, काकूंनी विचारूनसुद्धा.

दुसरं, तोंडी अट. आल्याच्या खंडाला स्टँप केला आणि मातीला केला नाही, खरं तर उलटं पाहिजे होतं, खंडाचं रान परत येतं. खोली किती, बाजूची माती कुणाची, रात्री गाडी नाही, हे लिहून आणि खुणेचे दगड पुरून ठेवायला हवे होते. अर्धे पैसे आगाऊ आणि माती परत पसरल्यावरच खणणं पूर्ण झालं असं मानायचं, हेही त्यातच लिहायचं.

तिसरं, पूर्ण एकर आल्याला देऊन बाकीच्या पैशासाठी पाहुण्यांकडं चार महिन्यांची मुदत मागता आली असती का? मला वाटतं आली असती. ४० गुंठ्यांचे त्याच रेटनं १,२०,००० झाले असते, म्हणजे तफावत फक्त २४,५०० ची होती. चोवीस हजारासाठी दहा गुंठे रान गेलं. तेव्हा हा आकडा कागदावर मांडला असता तर आण्णा थांबले असते असं ते स्वतः म्हणतात, आणि मांडायचं काम माझं होतं.

आल्याच्या करारात मुदत संपल्यावर दिवसाला किती पैसे हे घालायचं राहिलं, ते आता मी प्रत्येकाला सांगतो.

आताची स्थिती

खोडवा निघाल्यावर २०२५ च्या उन्हाळ्यात आण्णांनी पाझर तलावाचा गाळ आणायला सुरवात केली. गाळ फुकट, पण भरणी आणि डिझेल धरून खेपेला ६०० रुपये पडतात आणि खेपेत एक ब्रासच्या आसपास बसतं. २५० नं दिलेली माती ६०० नं परत. ४० खेपा झाल्या, गेलेत २१८ ब्रास आणि वर तो निम्मा ढीग. खालच्या अंगाला चर काढून ओढ्याला जोडलाय त्यामुळं यंदा पाणी दोन दिवसांत उतरलं. धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरला होता, गाळ पडलेल्या भागात कमरेएवढा झाला आणि गाळ न पडलेल्या पट्ट्यात गुडघ्याच्या खालीच राहिला, फुलोऱ्याआधी तसाच गाडला. पुढच्या उन्हाळ्यात अजून साठ खेपा टाकायच्या म्हणतात, तलावात तोवर गाळ राहिला तर.